'बरं आहे' म्हणायचं नाही

नाशिकजवळ सातपूरला आमच्या वस्तीत कचरूभाऊ गांगुर्डेंना "काय, कसं काय?" असं विचारायची कुणाची छाती नव्हती. एखादा नवा भाडेकरू चुकून विचारून बसायचा आणि अडकायचा. सगळी दुनिया या प्रश्नाला "बरं आहे" म्हणते आणि चालू पडते. कचरूभाऊ सायकल थांबवायचे, स्टँडवर लावायचे आणि म्हणायचे, "वाईट. थांब, सांगतो." मग सांगायचेच. नळाला पाणी का येत नाही, सुमनवहिनींच्या पाठीचं दुखणं कुठून कुठे सरकलं, लेबर कोर्टात या वेळी पुन्हा तारीखच का पडली, छपराचा कोणता पत्रा गळतो. विचारणाऱ्याची बस निघून जायची.

"अहो भाऊ, मी आपलं सहज विचारलं," एकजण एकदा काकुळतीला येऊन म्हणाला.

"मग सहज ऐक. मी कुठं जबरदस्ती करतोय?" असं म्हणून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात फिटरचा. तो एकदा बसला की माणूस हलत नसे.

एका लग्नात वधूपिता पंगतीतून हात जोडून फिरत होता. "जेवण बरं झालं ना?" असं प्रत्येकाला विचारत होता आणि लोक तोंडातल्या घासासकट माना डोलवत होते. कचरूभाऊंपाशी आला. "नाय," कचरूभाऊ म्हणाले, "भात कच्चा हाय, डाळीत मीठ नाय. पुढच्या पंगतीला तरी टाका." मी शेजारीच बसलो होतो आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. पुढच्या पंगतीला डाळ चांगली मिळाली म्हणे, पण त्या घरचं आमंत्रण आम्हा दोघांनाही पुन्हा आलं नाही.

दुसऱ्या एका वेळी औद्योगिक वसाहतीत कुठल्याशा उद्घाटनाला मंत्री आले होते. दोन्ही बाजूंनी लोक उभे, मधून मंत्री हात मिळवत चाललेले. "काय, बरं आहे ना? बरं आहे ना?" कचरूभाऊंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "नाय साहेब, बरं नाय." मंत्री म्हणाले, "वा, वा, छान!" आणि पुढे सरकले. त्यांचा हात मात्र कचरूभाऊंच्या हातातच राहिला. तो सोडवायला दोन पोलीस लागले. गर्दी हसली, मीही हसलो, आणि घरी येताना मला फार चीड आली. कुणावर आली ते मला नीट सांगता येत नाही.

कारण हे खूळ त्यांना उपजत नव्हतं. ते कुठून लागलं ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी तिथे होतो, दुभाषी म्हणून.

मी सातपूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. कचरूभाऊंची मुलगी शारदा माझ्या वर्गात होती, आणि आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. कचरूभाऊ बुटके, मान जाड, डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली. पँटीच्या मागच्या खिशात कायम एक पाना. काही ढिलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. पालकसभेला आले की माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी दोन बाकांचे नटबोल्ट आवळलेले असायचे. आमच्या दाराची कडी त्यांनी न विचारता बसवून दिली होती. मला ते 'मास्तर' म्हणायचे आणि अरेतुरे करायचे, आणि मला ते आवडायचं.

ते पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याची निम्मी मालकी डेन्मार्कच्या एका कंपनीकडे होती. डेन्मार्क हे नाव वस्तीत फक्त दुधाच्या पावडरीच्या डब्यावरून माहीत होतं. या कारखान्यात युनियन नव्हती. कायद्यानं बंदी होती असं नाही. पण कुणी नुसता विषय काढला की आठवड्याभरात त्याची नोकरी जायची, मग कायदा काय चाटायचा? जेवणाच्या सुट्टीत चारपेक्षा जास्त माणसं एकत्र दिसली की सुपरवायझर येऊन उभा राहायचा.

तिथे एक नवं टेस्टिंग मशीन बसवायला डेन्मार्कहून येन्स नावाचा एक उंच फिटर आला. कचरूभाऊ त्याच्या हाताखाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पाना दोघांनाही कळत होता. एकदा चहा पिताना येन्सनं शर्टाच्या खिशातून एक लाल कार्ड काढून दाखवलं, मुठी एकमेकांत अडकवून खूण केली, आणि कचरूभाऊंच्या खिशाकडे बोट केलं. तुझं कुठे आहे? यांच्या खिशात कारखान्याचा गेटपास होता. यांनी तोच दाखवला. येन्सनं मान हलवली.

त्या संध्याकाळी कचरूभाऊ माझ्याकडे आले आणि बराच वेळ आमच्या टेबलाचा पाय आवळत बसले. मग म्हणाले, "मास्तर, युनियनचं कार्ड खिशात घालून तो उघड फिरतो. आणि आमचे साहेब त्याला गुड मॉर्निंग घालतात."

युनियन कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. कारखान्यात माणसांना एकत्र जमायची परवानगी वर्षातून एकदाच मिळायची, खंडेनवमीला. त्या दिवशी मशीनला झेंडूच्या माळा घालायच्या, मॅनेजर कुंकू लावून नारळ फोडणार, पेढे वाटणार. त्यासाठी एक पूजा समिती असायची, आणि कारखान्यात कामगारांची समिती म्हणावी अशी ती एकच. कचरूभाऊ बौद्ध. घरात देव नाही, प्रसाद कधी तोंडाला लावला नाही. तेच त्या वर्षी समितीत शिरले आणि सगळ्यांत पुढे नाचायला लागले. मंडप मी बांधतो, माळा मी आणतो, वर्गणीला घरोघर मी जातो.

वस्तीत बोभाटा झाला. विहारातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना सगळ्यांदेखत धारेवर धरलं. "दीक्षा घेतली तवा देव सोडले ना रे तू? आन् आता मशिनीला कुंकू लावतो?"

"मी नाय लावत बाबा, साहेब लावतो. मी फकस्त मंडप बांधतो."

"मंडप बांधणारा आन् पूजा करणारा, काय फरक?"

कचरूभाऊ विहाराच्या दाराची ढिली कडी आवळायला लागले. खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतंच. खंडेनवमीला मॅनेजर नारळ फोडून, हात पुसून केबिनमध्ये गेले. पेढे मुद्दाम उशिरा यावेत अशी व्यवस्था कचरूभाऊंनी केली होती. तेवढ्या वेळात मंडपात युनियनची सभा झाली, हात वर करून पदाधिकारी निवडले गेले, आणि पेढे आले तेव्हा ते युनियनचे पेढे म्हणून खाल्ले गेले. कचरूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा पूजेचा पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून ते विहारात गेले आणि त्या बाबांच्या पाया पडले.

आठवड्याभरात कंपनीनं सगळ्या पदाधिकाऱ्यांना काढून टाकलं. कचरूभाऊंवर आरोप काय, तर कामाच्या वेळेत धार्मिक कार्यक्रमाचा गैरवापर. म्हणजे वस्तीत पूजा केली म्हणून बोलणी खाल्ली आणि कारखान्यात पूजा बिघडवली म्हणून नोकरी गेली. यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता. लोक पुन्हा बोलायला लागले होते, पण पोटाला काय? कोर्टाच्या तारखा पडत राहिल्या. सुमनवहिनी घरी विड्या वळायला लागल्या. शारदानं नववीतून शाळा सोडली आणि आईबरोबर विड्यांचं सूप मांडीवर घेतलं. मी दोनदा घरी जाऊन रागावलो. वहिनी म्हणाल्या, "सर, तुम्ही रागवा, तुमचा हक्क हाय. पण तिच्याशिवाय दिवसाच्या विड्या पुऱ्या होत नायत." मी परत आलो.

मग कचरूभाऊंच्या सांगण्यावरून मी डेन्मार्कला परतलेल्या येन्सला इंग्रजीतून पत्र लिहून सगळं कळवलं. खरं सांगतो, मला त्यातून काही निघेल असं वाटलं नव्हतं. पण उत्तर आलं. तिथल्या मूळ कारखान्यातल्या कामगारांनी सभा घेतली होती. नाशिकच्या कामगारांना युनियन करू देत नसतील आणि त्यापायी त्यांच्या घरच्या चुली विझल्या असतील, तर नाशिकला जाणारे सुटे भाग आम्ही पेट्यांत भरणार नाही, असं ते म्हणत होते. मात्र आधी आमची दोन माणसं येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघतील, मग ठरवू. ते भाग आले नाहीत तर इथला कारखाना महिनाभरसुद्धा चालला नसता. कंपनीला यांना परत घ्यावंच लागलं असतं, युनियनशी बोलावंच लागलं असतं. सगळं त्या दोन माणसांच्या बघण्यावर येऊन ठेपलं.

येन्स येणार होता आणि त्याच्याबरोबर बिर्गिट नावाच्या एक बाई. कंपनीनं काढलेल्या सगळ्या कामगारांना कचरूभाऊंनी विहाराच्या अंगणात बसवून बजावलं, "पाहुणे पाहुणे करू नका. ते पाहुणे नायत, पंच हायेत. घर हाय तसं दाखवा. चुलीवर जे असंल ते दाखवा. काही नसंल तर काही नाय ते दाखवा. विचारतील त्याला खरं सांगा. रडू आलं तर रडा, लाजू नका!"

सगळ्यांनी होकार दिला. काशिनाथ बोडके तर सगळ्यांत जोरात हो म्हणाला. हा घोटीजवळच्या एका खेड्यातून रोज गाडीनं नाशिकरोडला आणि तिथून बसनं सातपूरला यायचा. नोकरी गेल्यापासून तो घरीच होता आणि त्याची म्हातारी आई घोटीच्या भातगिरणीत तांदूळ निवडायला जात होती. त्याचंच घर आधी दाखवायचं ठरलं.

आम्ही चौघं टॅक्सीनं तिथे पोचलो आणि कचरूभाऊंनी कपाळावर हात मारला. दारात शेणाचा ताजा सडा, त्यावर ठसठशीत रांगोळी. आत खाटेवर कोरी चादर, तिची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. फळीवर पितळेची भांडी ओळीनं मांडलेली, घासून लखलखीत. काशिनाथ लग्नातला कोट घालून उभा. आणि घरभर कोंबडीच्या रश्श्याचा वास. दारात कोंबडी एकच होती, ते मला माहीत होतं, कारण आदल्या खेपेला मी ती पाहिली होती.

कचरूभाऊंनी काशिनाथला बाजूला ओढलं. "हे काय रं?"

"आई ऐकतच नाय भाऊ. म्हनली, समुद्रापल्याडनं मानसं येनार, त्यास्नी काय मोकळं धाडू?"

बिर्गिटबाई खाटेवर बसल्या. त्यांनी अगदी आपुलकीनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि विचारलं, मुलाची नोकरी गेल्यापासून कसं चाललंय? मी मराठीत सांगितलं. म्हातारीनं पदर सारखा केला. "देवाच्या दयेनं काय बी कमी नाय बाई. ल्योक धडधाकट हाय. घरचा तांदूळ हाय. तू लय वाळली दिसतीस, पोटभर जेव."

मी ते इंग्रजीत सांगितलं. दुसरं काय सांगणार? मागून कचरूभाऊ माझ्या पाठीत बोट खुपसत होते. "मास्तर, सांग ना त्यांना! ही सगळी भांडी उसनी हायेत, गल्लीतनं गोळा केलेली!"

मी तेही सांगितलं. बिर्गिटबाई मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडेही पाहुणे आले की शेजारून खुर्च्या आणतात! येन्सनंही हसून मान हलवली. आणि भांड्यांबद्दल काहीतरी बोलणं चाललंय एवढं ओळखून म्हातारी उठली, फळीवरचा सगळ्यांत चांगला तांब्या काढला आणि बिर्गिटबाईंच्या हातात दिला. "न्या तुमच्याकडं. आठवन म्हनून." दारातून डोकावणाऱ्या शेजारणीचा चेहरा पडला. तांब्या तिचा होता. पण तीसुद्धा काही बोलली नाही. येन्सनं फोटो काढला. म्हातारी हसतेय, बाई हसताहेत, मध्ये तो तांब्या.

परतीच्या वाटेवर टॅक्सीत कचरूभाऊ पुढच्या सीटवर बसून दाराची खिळखिळी काच घट्ट करत होते. "मानाला चिकटून मरायची जात आपली," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माझ्या घरी बघ. माझ्या घरी काय बी नाय. कोरा चहा. सुमनला सांगून ठेवलंय. विड्यांचं सूप खोलीच्या मध्यात ठेवायचं."

आम्ही पोचलो तेव्हा खोलीच्या मध्यात सूप नव्हतं. ते खाटेखाली ढकललेलं होतं आणि वरून गोधडी खालपर्यंत सोडलेली होती. चहा दुधाचा होता. सोबत शिरा होता. आणि आतल्या पडद्यामागून शारदा ट्रे घेऊन आली ती शाळेच्या गणवेशात. शाळा सोडून तिला कितीतरी महिने झाले होते. मधल्या काळात ती उंच झाली होती, म्हणून वहिनींनी स्कर्टची दुमड उसवली होती. तिथली निळी पट्टी बाकीच्या रंगापेक्षा गडद दिसत होती.

बिर्गिटबाईंनी तिला जवळ घेतलं आणि थेट इंग्रजीतूनच विचारलं, तुला कोणता विषय आवडतो? शारदानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "इंग्लिश." तिथे दुभाष्याची गरजच नव्हती.

मग येन्स कचरूभाऊंकडे वळला. दिवसभर त्यानं बरंच पाहिलं होतं, पण या माणसाबरोबर त्यानं काम केलं होतं. याच्या शब्दाला त्याच्या लेखी वजन होतं. त्यानं हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, आणि तुझ्या घरी? खरं सांग, कसं चाललंय? मी ते मराठीत सांगितलं. कचरूभाऊंनी तोंड उघडलं. सकाळपासून साचलेलं सगळं आता बाहेर पडणार म्हणून मीही सरसावून बसलो. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. शारदाकडे पाहिलं. ती ट्रे छातीशी धरून उभी होती, केसांना लाल रिबिनी, आणि ती बापाकडे बघत होती.

"बरं चाललंय," कचरूभाऊ म्हणाले.

मी थांबलो. ते काही दुरुस्त करतील असं वाटलं. ते खाली बघत होते. मी ते दोन शब्द इंग्रजीत सांगितले, आणि येन्सनं समाधानानं त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

पाहुणे गेल्यावर भिंतीपलीकडून भांडण ऐकू आलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. कचरूभाऊ शिऱ्यावरून, गणवेशावरून ओरडत होते. वहिनींचा आवाज चढला नाही, पण स्पष्ट होता. "युनियनपायी तुम्ही नोकरी दिली, मी काय दिलं नाय? चहातलं दूध दिलं, पोरीची शाळा दिली. आणखी मागा, देते. पण परक्या बाईच्या डोळ्यांत माझ्या पोरीची कीव बघणार नाय मी. आणि तुम्हाला कुणी धरलं होतं? तुम्ही का नाय सांगितलं?"

काही आठवड्यांनी एक लाकडी पेटी आली. तिच्यात लाल रेशमी झेंडा होता, त्यावर सोनेरी धाग्यानं काहीतरी विणलेलं, कुणालाच वाचता न येणारं. बरोबर तिथल्या कामगारांच्या मासिकातलं एक पान, त्यावर म्हातारीचा आणि बाईंचा तो तांब्यासकट फोटो. येन्सनं लिहिलं होतं की तुमच्या घरांतला आनंद आणि धीर पाहून आम्हाला फार बळ मिळालं. परिस्थिती भीती होती तितकी बिकट नाही, शिवाय कंपनीनं चर्चेचं आश्वासन दिलं आहे. तेव्हा सुटे भाग थांबवण्याची आत्ता गरज नाही असं सभेत ठरलं. आमचा भाईचारा कायम तुमच्यासोबत राहील.

मी संतापलो होतो. मांडलेलं ताट बघून चूल ओळखणाऱ्या त्या भल्या माणसांवर, त्या म्हातारीवर, रांगोळीवर, आपल्या या मेल्या पाहुणचारावर. मी तावातावानं बोलत राहिलो. कचरूभाऊ पेटीचे खिळे काढून सरळ करत बसले होते.

"त्यांची काय चूक?" ते म्हणाले. "त्यांनी इतक्या लांबून येऊन तोंडावर विचारलं. मी बरं म्हणालो. त्यांनी ऐकलं. आजपासून आपण बरं म्हणायचं नाय, मास्तर. मरेस्तोवर नाय."

कंपनीनं चर्चा कसली करायची? तिनं एक कल्याण समिती काढली आणि तिच्यावर सुपरवायझर बसवले. काशिनाथनं हिशेब घेऊन केस सोडून दिली आणि भातगिरणीत आईच्या शेजारी उभा राहिला. बाकीचेही एकेक करून पांगले. कचरूभाऊंनी केस सोडली नाही. शेतांवरचे पंप दुरुस्त करत ते पाना घेऊन सायकलवर फिरत राहिले, तारखांना जात राहिले, आणि कुणी कसं काय विचारलं की थांबून सांगत राहिले. शारदा शाळेत परत आली नाही. तिचं लग्न झालं आणि ती पेठला गेली. तो रेशमी झेंडा वहिनींनी ट्रंकेवर घातला, कारण दुसरं काय करणार?

तुम्हाला वाटेल की एवढं झाल्यावर परदेशातल्या कामगारांचं नाव काढलं तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड होत असेल. तसं नव्हतं. पोलंडमध्ये कामगारांच्या युनियनवर बंदी आली तेव्हा रेडिओवर बातमी ऐकून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, उद्या काळ्या फिती लावून गेटवर उभं राहायचं. शहरातल्या एका मोठ्या युनियनच्या पुढाऱ्यानं त्यांना समजावलं की तिथे कामगारांचंच राज्य आहे, आपण त्यात पडू नये.

"कामगाराला युनियन करू देतात का?" कचरूभाऊंनी विचारलं.

"तसं नाही हो, तो प्रश्न गुंतागुंतीचा..."

"करू देतात का नाय? एवढंच सांगा."

शेवटी आम्ही मोजके लोक फिती लावून त्यांच्या जुन्या कारखान्याच्या गेटसमोर उभे राहिलो. वॉचमन हसत होते. कामावरून सुटलेली माणसं नजर चुकवून सायकली हाणत होती. कचरूभाऊ एका दगडावर चढले आणि बोलले, त्यांचं आयुष्यातलं बहुधा सगळ्यांत छोटं भाषण. "तिकडचे लोक कसे हायेत ते आपल्याला ठाऊक नाय. तिकडनं कुणी आलं आणि म्हणालं की बरं चाललंय, तर इश्वास ठेवू नका. तो पाहुण्यासमोर बोलतोय." लोकांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मी रुमालानं तोंड पुसलं.

पुढे माझी बदली कळवणला झाली. आमच्या संस्थेची तिथेही शाळा होती. सुरुवातीला नाशिकला जाणं व्हायचं, मग कमी झालं. तिकडे गेलो तरी वस्तीपर्यंत जायला जमत नसे. कचरूभाऊंची केस कोर्टात निकालात निघाली असं उडत उडत कळलं. कशी, ते सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं असताना मी कळवणची मुलं घेऊन कारखाना दाखवायला नाशिकला गेलो. अंबडला नव्या वसाहतीतला मोठा कारखाना. आधीच बजावलं गेलं होतं की आत कामगारांशी बोलायचं नाही. बस थांबली, मुलं रांगेत उभी राहिली, आणि गेटच्या खोलीतून खाकी गणवेशातला वॉचमन बाहेर आला. गणवेश त्यांच्या मापाचा नव्हता, बाह्या दुमडलेल्या. गळ्यात शिट्टी. मी आधी डावा खांदा ओळखला.

मागचा खिसा रिकामा होता.

शेजारी सिक्युरिटीचा सुपरवायझर उभा होता. कचरूभाऊंनी टेबलावरून एक बिल्ला उचलला, पाहुण्यांना देतात तो, आणि माझ्या खिशाला लावला. बोटं अगदी व्यवस्थित चालत होती. पिन नीट बसली की नाही हे त्यांनी ओढून पाहिलं.

"कचरूभाऊ," मी म्हणालो, "कसं काय?"

"बरं चाललंय, सर," ते म्हणाले आणि गेट उघडलं.

मुलांना मी आत काय दाखवलं ते मला अजिबात आठवत नाही. कुणीतरी गोरागोमटा अधिकारी इंग्रजीतून माहिती देत होता आणि मी ती मराठीत सांगत होतो, एवढं खरं. डोक्यात एकच घोळत होतं. या माणसानं मंत्र्याला सोडलं नव्हतं. लग्नातल्या यजमानाला सोडलं नव्हतं. मला 'सर' म्हणाला, आणि बरं म्हणाला. इतका राग मला आयुष्यात कधी आला नसेल, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं.

परत निघालो तेव्हा मुलं पळत बसमध्ये चढली. सुपरवायझर कुठेतरी गेला होता. बिल्ला परत द्यायला मी गेटच्या खोलीपाशी थांबलो. कचरूभाऊंनी माझ्या खिशावरची पिन काढली, बिल्ला टेबलावर पालथा ठेवला, आणि दारातून इकडेतिकडे पाहिलं.

"हां मास्तर," ते म्हणाले. "आता विचार."

मी विचारलं, "कसं काय, भाऊ?"

"वाईट," कचरूभाऊ म्हणाले. "थांब, सांगतो."

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी मोठे साहेब असावेत, हॉर्न थांबेचना. मागे बसचा ड्रायव्हरही माझ्या नावानं हाका मारत होता. कचरूभाऊ त्या ढगळ गणवेशात गेटकडे धावले, दार ओढलं आणि खाडकन सलाम ठोकून उभे राहिले. गाडी सावकाश आत शिरत होती. त्यांचा एक हात कपाळाशी होता. दुसरा त्यांनी पाठीमागे धरला होता, तळवा माझ्याकडे करून, थांब म्हणून.